मागच्या बाकापर्यंत

वर्गात एखादे मूल मागे पडले, की आपण त्या मुलालाच दोष देतो. पण शिकवण्याची पद्धतच त्याच्यापर्यंत पोचत नसेल तर? मराठीच्या एका शिक्षकाने स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करून हा प्रश्न या पाठात मांडला आहे. शिकवणे प्रत्येकापर्यंत पोचणे ही मेहरबानी नव्हे, तो प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क आहे, हा विचार लेखकाने उदाहरणे देऊन पटवून दिला आहे.

मी एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवत असे. आठवीच्या वर्गात एक मुलगा शेवटच्या बाकावर बसायचा. स्वभावाने तो शांत होता. कोणाला त्रास देत नसे. पण त्याची वही पाहिली, की मला राग येई. फळ्यावरचे साधे शब्दही त्याला नीट उतरवून घेता येत नसत. मी 'घर' लिहिले, तर त्याच्या वहीत 'धर' असे. 'भात'चा 'मात' होई आणि 'बाग'चा 'वाग'. पुष्कळदा तो शेजारच्या मुलाच्या वहीत डोकावून लिही. मी त्याच्या वहीत लाल शाईने 'निष्काळजी' असा शेरा मारला. तेवढ्यावर मी थांबलो नाही. एके दिवशी साऱ्या वर्गासमोर उभे करून 'नक्कल करतोस' म्हणून त्याला रागावलो. तो काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात श्रुतलेखन घेतले. मी एकेक वाक्य सांगत होतो आणि मुले ऐकून लिहीत होती. घरी वह्या तपासताना त्या मुलाची वही हाती आली आणि मी चकित झालो. 'घर', 'भात', 'बाग' हे सगळे शब्द बरोबर होते. जोडाक्षरेसुद्धा बरोबर होती. कानाने ऐकलेला एकही शब्द चुकला नव्हता. डोळ्यांनी फळ्यावर पाहिलेले शब्द मात्र रोज चुकत होते.

मग माझ्या लक्षात आले. चूक त्याच्या मराठीत नव्हती आणि मेहनतीतही नव्हती. शेवटच्या बाकावरून त्याला फळा नीट दिसतच नव्हता. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांच्यातला फरक केवढा असतो? एखादी बारीक रेघ, एखादी छोटीशी गाठ. उर्दूतही तसेच आहे. बे, पे, ते, से या अक्षरांचा आकार एकच. फरक फक्त नुक्त्यांचा. ज्याला नुक्ते दिसत नाहीत, त्याला ती चारही अक्षरे सारखीच दिसणार.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी त्याला विचारले.

तो म्हणाला, "सर, मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं."

काही दिवसांनी त्याला चष्मा मिळाला. त्याचा प्रश्न सुटला; पण माझा प्रश्न सुटला नाही. माझे शिकवणे एकाच वाटेने चालले होते. फळा आणि खडू हीच ती वाट. ती वाट ज्याला बंद होती, तो वर्गात बसूनही वर्गाबाहेर होता. आणि त्याच्या बाहेर राहण्याला मी निष्काळजीपणा हे नाव दिले होते. तेव्हापासून माझे एक मत झाले आहे. मूल धड्यापर्यंत पोचत नसेल, तर आधी धड्याची वाट तपासावी. मुलाच्या बुद्धीविषयी नंतर बोलावे.

ही चूक मी एकट्यानेच केली असे नाही. शिक्षणाच्या इतिहासात तिची मोठी उदाहरणे आहेत. त्यांपैकी एक आहे लुई ब्रेल याचे.

लुईचा जन्म १८०९ साली फ्रान्समधील कूव्रे या गावी झाला. त्याचे वडील घोड्यांचे खोगीर आणि लगाम तयार करीत. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कारखान्यात खेळत असताना चामडे टोचण्याची आरी त्याच्या डोळ्यात गेली. जखम चिघळली आणि थोड्याच काळात त्याचे दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो पॅरिसमधील अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला. त्या शाळेत पुस्तके होती. जाड कागदावर नेहमीचीच अक्षरे मोठी आणि उठावदार करून छापलेली असत. मुलांनी प्रत्येक अक्षराच्या कडेने बोट फिरवायचे आणि ते ओळखायचे. ही पुस्तके फार जड होती. वाचायला फार वेळ लागे. शिवाय अशी अक्षरे मुलांना स्वतःला लिहिता येत नसत.

ही पुस्तके करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण त्यांनी अक्षर निवडले ते डोळ्यांसाठी बनलेले आणि ते वाचायला सांगितले बोटांना. बोटाला काय सोपे जाते, हा विचार त्यात नव्हता.

त्याच सुमारास शार्ल बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याने उठावदार टिंबांची एक लिपी तयार केली होती. तिच्यात एका चिन्हासाठी बारापर्यंत टिंबे लागत. एवढी टिंबे एका बोटाखाली मावत नसत. लुईने ती सहावर आणली. सहा टिंबे बोटाच्या टोकाखाली एकदम कळतात. त्यांच्या वेगवेगळ्या मांडणीतून ६३ चिन्हे तयार होतात. १८२४ साली लुईची ही लिपी तयार झाली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. आता अंध मुले नुसती वाचू लागली नाहीत, तर लिहूही लागली. तरीही डोळस शिक्षकांना ही अनोळखी टिंबे लवकर पसंत पडली नाहीत. १८५२ साली लुईचा मृत्यू झाला आणि १८५४ साली त्याच्याच शाळेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली.

भारतातील भाषांसाठी १९५१ साली 'भारती ब्रेल' ही एक समान पद्धत ठरवण्यात आली. तिच्यातील एक गोष्ट तुम्हांला गंमतीची वाटेल. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो; पण ब्रेलमधील उर्दू मराठीप्रमाणेच डावीकडून उजवीकडे वाचली जाते. उर्दूतील 'काफ' आणि मराठीतील 'क' यांसाठी ब्रेलमध्ये एकच चिन्ह आहे. कागदावर ज्या दोन लिप्या एकमेकींपासून इतक्या दूर आहेत, त्या बोटांखाली अशा जवळ येतात.

दुसरे उदाहरण इटलीतील आहे. मारिया माँटेसरी या डॉक्टर होत्या. ज्या मुलांना 'मंदबुद्धी' म्हणून बाजूला टाकले होते, अशा मुलांना त्यांनी आधी शिकवले. या मुलांसाठी त्यांनी हाताळता येतील अशी साधने तयार केली. पुढे १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी शाळा उघडली. तिथे खरखरीत कागदाची अक्षरे होती. मुले त्यांच्यावरून बोट फिरवीत आणि त्यांचा उच्चार करीत. डोळा, कान आणि हात एकाच वेळी काम करीत. जी पद्धत मागे राहिलेल्या मुलांसाठी शोधली होती, तिचा उपयोग सर्वच मुलांना झाला. आज जगभरातील असंख्य बालवाड्यांत ती साधने वापरली जातात.

हा विचार महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी रुजवला. पण त्यांनी परदेशातील साधने जशीच्या तशी उचलली नाहीत. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर वाढले. महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले आणि गोटे यांतून मोजणी शिकवली. या भागातील वारली मुले शाळेत येत नसत. कोणाला गुरे चारायला जावे लागे, कोणाला धाकटे भावंड सांभाळावे लागे. 'या मुलांना शिक्षणाची आवड नाही' असे म्हणून ताराबाई आणि अनुताई स्वस्थ बसल्या असत्या, तर त्यांना कोणी नाव ठेवले नसते. पण त्यांनी शाळाच बदलली. वस्तीतील घरांच्या अंगणात वर्ग भरू लागले, ती अंगणवाडी झाली. गुरे चरतात त्या कुरणात शिक्षक जाऊ लागले, ती कुरणशाळा झाली. धाकट्या भावंडांसाठी शाळेला पाळणाघर जोडले गेले. मुलांच्या पायांना शाळेची वाट सापडत नव्हती, म्हणून शाळाच मुलांच्या वाटेवर जाऊन उभी राहिली.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. एखाद्या मुलाची अडचण ही केवळ त्या मुलात नसते. मूल आणि शाळा यांच्या मधल्या जागेत ती असते. ती जागा मोठ्या माणसांनी तयार केलेली असते, म्हणून ती बदलताही येते.

अमेरिकेतील वास्तुतज्ज्ञ रोनाल्ड मेस यांनी इमारतींच्या बाबतीत हाच विचार मांडला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकांची खुर्ची वापरत. त्यांचे म्हणणे असे होते, की इमारत बांधून झाल्यावर मागच्या दाराला एखादा उतार जोडू नये. सर्वांना वापरता येईल अशी इमारत पहिल्यापासूनच आखावी. या उताराचा अनुभव आपल्यालाही आहे. जिन्याशेजारी उतार असला, की त्यावरून चाकांची खुर्ची जातेच. पण म्हातारी माणसे, बाळाची गाडी ढकलणारी आई आणि जड पेटी ओढणारा हमाल यांनाही तोच उतार सोयीचा पडतो. पुढे अमेरिकेतील काही शिक्षणतज्ज्ञांनी हा विचार वर्गात आणला. धडाही असाच पहिल्यापासून सर्वांसाठी आखावा, असे ते म्हणतात. त्यांचे सांगणे थोडक्यात असे आहे: नवी गोष्ट एकापेक्षा अधिक मार्गांनी समजावून द्यावी, शिकलेले दाखवण्याचेही एकापेक्षा अधिक मार्ग असावेत, आणि शिकण्याची गोडी लागण्यासाठीही मुलांपुढे वेगवेगळ्या वाटा असाव्यात.

हे ऐकायला मोठे वाटते. पण वर्गात त्याचे रूप अगदी साधे असते. फळ्यावर लिहिताना शिक्षकाने ते मोठ्याने वाचावे. म्हणजे ज्याला दिसत नाही, त्याला ऐकू येईल. बोलताना फळ्याकडे तोंड न करता वर्गाकडे करावे. म्हणजे ज्याला कमी ऐकू येते, त्याला ओठांच्या हालचाली दिसतील. अपूर्णांक शिकवताना नुसते आकडे न मांडता कागदाची घडी घालून अर्धा आणि पाव हातात द्यावा. जो अडखळत बोलतो, त्याला उत्तर लिहून देऊ द्यावे. ज्याला अक्षरे उलटसुलट दिसतात, त्याला तोंडी सांगू द्यावे. उद्याच्या धड्यातील अवघड शब्द आजच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत. यांपैकी कशालाच फारसा पैसा लागत नाही. लागते ती फक्त आधी केलेली आखणी.

तुम्ही स्वतःही या अनुभवातून गेला आहात. मराठी शिकायला सुरुवात केली, तेव्हा तुमचे हात उजवीकडून डावीकडे लिहायला सरावले होते. मराठीने त्यांना उलट दिशेने जायला सांगितले. वहीसुद्धा दुसऱ्या बाजूने उघडावी लागली. 'ळ' हा उच्चार तर तुमच्या जिभेला नवाच होता. अशा वेळी शिक्षकांनी मराठी शब्दाचा अर्थ उर्दूत सांगितला असेल, 'ळ' दहा वेळा म्हणवून घेतला असेल. तेव्हा 'ही मुले कमी बुद्धीची आहेत, म्हणून यांना मदत करावी लागते' असे कोणी म्हटले असते, तर तुम्हांला कसे वाटले असते? तुमची बुद्धी कमी नव्हती. तुमची वाट वेगळी होती, एवढेच.

या विचाराला काही जण हरकत घेतात. त्यांच्या हरकतींना उत्तर दिले पाहिजे.

काहींना वाटते, की सर्वांना सांभाळून घेतले तर हुशार मुले मागे राहतील. माझा अनुभव याच्या उलट आहे. मी फळ्यावरचे मोठ्याने वाचू लागलो, तेव्हा सर्वांत आधी हुशार मुलांचे उच्चार सुधारले. एकच गोष्ट पाहिली, ऐकली आणि हाताने केली, तर ती कोणाच्याही मनात अधिक पक्की बसते. धडा सर्वांसाठी करायचा, म्हणजे तो सोपा करायचा असे नाही. डोंगराची उंची तेवढीच ठेवायची. चढण्याच्या वाटा वाढवायच्या.

दुसरी हरकत परीक्षेविषयी असते. एखाद्या विद्यार्थ्याला जादा वेळ किंवा लेखनिक मिळाला, की 'हा पक्षपात आहे' अशी कुजबुज सुरू होते. मी अशा वेळी चष्म्याची आठवण करून देतो. परीक्षेच्या दिवशी चष्मा लावणाऱ्यांनी तो काढून ठेवावा, असे आपण म्हणत नाही. कारण इतिहासाच्या परीक्षेत आपल्याला त्याचा इतिहास तपासायचा असतो, नजर नव्हे. लेखनिक हाही एक प्रकारचा चष्माच आहे. उत्तर विद्यार्थ्याचेच असते. हात तेवढा दुसऱ्याचा असतो.

तिसरी हरकत मात्र खरी आहे. एका वर्गात साठ-सत्तर मुले दाटीने बसली असतील, तर एकटा शिक्षक कोणाकोणाकडे पाहणार? कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा येणारा शिक्षक हवा. अंध मुलाला ब्रेलची पुस्तके हवीत. ही कामे केवळ चांगल्या मनाने होत नाहीत. त्यासाठी प्रशिक्षण, साधने आणि माणसे लागतात. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे आणि उच्च प्राथमिक वर्गांत ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, असे ठरवून दिले आहे. वर्ग तेवढे लहान असावेत हा आग्रह पालकांनी आणि समाजाने धरला पाहिजे. पण ते होईपर्यंत फळ्यावरचे मोठ्याने वाचायला कोणाची मनाई आहे? जे उद्या होणार आहे, त्याच्या नावाखाली आज होण्यासारखे टाळू नये.

कायदाही आता याच बाजूने उभा आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात २१ आहेत. वाचन-लेखनात अडचण येणाऱ्या मुलांचाही त्यात समावेश आहे. दिव्यांग आणि इतर मुलांनी एकत्र शिकावे आणि शिकवण्याची पद्धत निरनिराळ्या मुलांच्या गरजांप्रमाणे बदलावी, असे हा कायदा सांगतो. लक्षात घ्या, मुलांनी बदलावे असे तो म्हणत नाही. पद्धतीने बदलावे असे म्हणतो.

'हक्क' आणि 'मेहरबानी' हे दोन्ही शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. दोन्ही भाषांत त्यांच्यातला फरकही सारखाच आहे. मेहरबानी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. आज मिळते, उद्या मिळत नाही. आणि ती घेताना मान खाली घालावी लागते. हक्क ताठ मानेने मागता येतो. माझ्या वर्गातला तो मुलगा मान खाली घालून उभा होता, कारण फळा दिसणे हा आपला हक्क आहे हे त्याला ठाऊक नव्हते. आणि मलाही त्याची आठवण नव्हती.

यात तुमचाही वाटा आहे. समजले नाही किंवा दिसले नाही, तर हात वर करून सांगा. आपल्या शेजारी बसणारा सतत वहीत डोकावत असेल, तर त्याच्यावर हसण्याआधी त्याला फळा दिसतो का, हे विचारा. अडखळत वाचणाऱ्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा. वर्ग सर्वांचा करायला शिक्षक हवेत, कायदा हवा. तसेच शेजारच्या बाकावरचा मित्रही हवा.

त्या श्रुतलेखनानंतर दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो. त्या मुलाची जुनी वही मागून घेतली. 'निष्काळजी' हा शेरा मी खोडला आणि त्याखाली सही केली. ज्या वर्गासमोर त्याला रागावलो होतो, त्याच वर्गासमोर माझी चूक कबूल केली. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी एक सवय पाळली. फळ्यावर लिहून झाले, की खडू खाली ठेवायचा, बाकांच्या मधून शेवटपर्यंत चालत जायचे आणि तिथून फळा वाचून पाहायचा. मला तो वाचता आला नाही, तर परत जाऊन पुसायचा आणि पुन्हा मोठ्या अक्षरांत लिहायचा.

शब्दार्थ
शेरा – वहीत लिहिलेले मत
श्रुतलेखन – ऐकून लिहिणे
आरी – चामडे टोचण्याचे टोकदार हत्यार
खोगीर – घोड्याच्या पाठीवरील बैठक
कुरण – गुरे चरण्याची गवताळ जागा
लेखनिक – दुसऱ्याने सांगितलेले लिहून देणारा
डोळस – ज्याला दिसते असा

स्वाध्याय
१. फळ्यावरून पाहून लिहिताना मुलाच्या कोणत्या चुका होत? श्रुतलेखनाच्या वहीत शिक्षकांना काय दिसले?
२. अंध मुलांच्या शाळेतील जुनी पुस्तके आणि ब्रेल लिपी यांत कोणता फरक होता?
३. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळेत कोणते बदल केले? का?
४. 'लेखनिक हाही एक प्रकारचा चष्माच आहे,' असे लेखक का म्हणतो?
५. 'हक्क' आणि 'मेहरबानी' यांतील फरक तुमच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन आठ ओळींत लिहा.
६. मराठीत आणि उर्दूत सारखेच वापरले जाणारे दहा शब्द शोधून लिहा.